चार नंबरची जागा

रानडुकराच्या शिकारीला चाललोय म्हटलं की आमच्या सोसायटीतले लोक दोन प्रकारांनी बघतात. अर्ध्यांना वाटतं, म्हातारा चळलाय. उरलेले हळूच विचारतात, "मटण आणणार का?" दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. परवानगी वनखात्याची, डुक्कर वनखात्याचं, मेलं की पंचनामा करून ते पुरायचं, आणि आमच्या वाट्याला फक्त पायपीट. एवढं ऐकलं की लोक लिफ्टमध्ये शिरतात.

मी उत्तम खिल्लारे, निवृत्त हवालदार. मूळचा वाशीमकडचा, आता बरीच वर्षं येरवड्यात स्थायिक. खराडीच्या एका आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. म्हणजे पूर्वी सीमेवर उभा होतो, आता पार्किंगच्या बॅरियरवर. तक्रार नाही. बॅरियरसुद्धा नीट सांभाळावा लागतो.

आम्ही पाच जण काश्मीरमध्ये एका पथकात होतो. प्रत्येकाला नंबर. एक नंबर कमांडर शेडगे, जे पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि ज्यांना आम्ही आजही साहेबच म्हणतो. दोन मारुती घोडके, तीन बबन कोंडे, चार नायक दशरथ झेंडे, पाच मी. गस्तीवरून परतलं की गेटच्या आत पाय टाकताच हुकूम व्हायचा, "गिनती कर." मग एक, दोन, तीन, चार, पाच. आकडा पुरा झाला की चहा, पाणी, शिव्या, जे काय असेल ते. आधी गिनती.

दशरथ तिथेच गेला. गिनती मात्र थांबली नाही. आम्ही चौघे कुठेही जमलो तरी निघताना साहेब गिनती घेतात. तीन झालं की सगळे एक श्वास थांबतात, मग मी "पाच" म्हणतो. चार नंबर कुणाला दिला नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तशीच जागाही राहते. बाकावर बसलो की बबन आणि माझ्यामध्ये एका माणसाची जागा सुटते. बबनच्या मुलाच्या लग्नात फोटोग्राफर ओरडून थकला, "काका, जरा जवळ या ना! भांडण झालंय का?" आम्ही जवळ गेलो नाही. बबनची बायको अजून तो फोटो दाखवून आम्हाला बोलते.

दशरथचं गाव लोणी काळभोरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. त्याची बायको, आमची शालन वहिनी, तिथेच असते. ऊस आहे, थोडा मका आहे, दोन म्हशी आहेत. शेत तिने एकटीने उभं केलं आणि छान चालवलं. तिला फक्त एका गोष्टीशी एकटीने लढता येत नाही, ती म्हणजे डोंगरातून उतरणारी डुकरं. म्हणून दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार आम्ही चौघे तिच्या शेतावर जातो. रीतसर परवानगी तिच्या नावावर असते. परवान्याच्या बंदुका आमच्या तिघांकडे आहेत. मारुतीचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याने आपली बंदूक जमा केली आणि वॉकी-टॉकी घेतला.

या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला जमायचं ठरलं. साताऱ्याहून एसटीने येणारे साहेब वेळेआधी पोचले आणि पुण्यात राहणारे आम्ही वेळेवर पोचलो म्हणून आम्हाला झापलं. साहेबांच्या हिशेबात वेळेवर म्हणजे उशिरा. बबनची जुनी जीप होती. बंदुका खोळीत, काडतुसं वेगळ्या डब्यात. मारुती पुढे बसला, साहेब त्याच्या शेजारी दाटीवाटीने, मागे मी आणि साहेबांची वळकटी. हडपसरला दशरथची मुलगी अश्विनी थांबली होती. ऑफिसातून थेट आलेली, पाठीवर लॅपटॉपची बॅग.

"काका, सिरियसली? या डब्यात एवढी माणसं?"

"चढ," मी म्हणालो. "मिलिटरीत याला रिकामी गाडी म्हणतात."

अश्विनी दीड वर्षाची होती तेव्हा बाप गेला. आता हिंजवडीत एका कंपनीत मॅनेजर आहे. बोलणं तुटक आणि सरळ. खोटं तिला खपत नाही, गोड खोटं तर अजिबातच नाही. मला ती आवडते त्याचं हेच कारण आहे आणि तिच्याशी माझं भांडण होतं त्याचंही.

वहिनीने पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा केला होता. आम्ही ओसरीवर बसलो.

"औंदा लई तरास दिलाय भावजी," वहिनी वाढता वाढता म्हणाली. "वरल्या अंगाचा ऊस पार लोळवलाय. शेजारच्या तानाबाईला तर मांडीला धडक बसली, दवाखान्यात हाय अजून. एक मोठा नर हाय, त्योच लई माजलाय."

"उद्या बघू त्याला," साहेब म्हणाले.

मग वहिनीने दुसरा विषय काढला. खरं तर तोच पहिला होता, तिने जेवण सुरू होईपर्यंत धरून ठेवला होता. गावातल्या शाळेसमोर ग्रामपंचायत दशरथच्या नावाचा दगड बसवणार होती. दगड आणून ठेवला होता. वर काय कोरायचं ते रविवारी सकाळी ठरवायचं होतं आणि ते अश्विनीच्या संमतीने व्हावं अशी वहिनीची अट होती. सरपंचांनी वाक्य सुचवलं होतं: शत्रूला कंठस्नान घालून वीरमरण पत्करले.

"नाही," अश्विनी म्हणाली.

"आगं, पर..."

"आई, खोटं आहे ते. बाबांनी एकसुद्धा गोळी झाडली नव्हती. मॅगझिन फुल परत आलं. सगळ्या गावाला माहितेय."

हे खरं होतं. दशरथला गावी आणलं तेव्हा सोबत आलेल्या एका जवानाच्या तोंडून ही गोष्ट सहज निघाली आणि गावाने ती उचलली. बंदूक भरलेली होती आणि माणूस मेला, एवढंच गावाला कळलं. पाचवीत असताना वर्गातल्या एका मुलाने अश्विनीला विचारलं होतं, "तुझ्या बापाला बंदूक चालवता येत नव्हती का?" तिने त्याच्या डोक्यात कंपासपेटी घातली. पण प्रश्न काही कंपासपेटीने गेला नाही.

मी तिला पुन्हा एकदा सगळं सांगितलं. कितव्यांदा, कोण जाणे. आमचं पथक एका गावाला वेढा घालून कॉर्डनवर होतं. पहाटे झडती सुरू झाली. मागच्या गल्लीचं तोंड दशरथकडे होतं. अतिरेकी भिंतीवरून उडी मारून गल्लीत उतरला. दशरथने रायफल खांद्याला लावली होती, माणूस टप्प्यात होता. त्याच वेळी अतिरेक्याच्या मागे, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याचा डबा घेतलेली एक मुलगी दारातून बाहेर आली. दशरथने गोळी झाडली नाही. "बैठ जाओ!" म्हणून ओरडला आणि दुसरा कोन मिळावा म्हणून भिंतीचा आडोसा सोडून दोन पावलं उघड्यावर आला. अतिरेक्याला तेवढं पुरलं. पुढे वळणावर साहेबांनी त्याला पाडला. मुलीला खरचटलंही नाही. मी आवाज ऐकून वळलो तेव्हा दशरथ अजून उभा होता, रायफल खांद्यालाच.

अश्विनीने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही त्यांचे मित्र. तुम्ही असंच सांगणार. पण समोर बंदूकवाला उभा असताना एवढा विचार कोण करतं हो? एका सेकंदात? ते घाबरले असतील. मला घाबरलेले बाबा चालतील. कोण नाही घाबरत? फक्त दगडावर खोटं नको."

मला राग आला. खरंच आला. आमच्या प्लॅटूनमध्ये दशरथसारखा नेमबाज नव्हता. रेंजवर श्वास कुठे सोडायचा, बोट कुठे ठेवायचं, हे मला उस्तादांनी कमी आणि दशरथने जास्त शिकवलं. मी भाकरी ताटात टाकली.

"खिल्लारे," साहेब म्हणाले. "जेव."

मी जेवलो. वहिनी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवणानंतर साहेबांनी ब्रीफिंग घेतलं. साहेब नातवाला दूध प्यायला लावतानासुद्धा ब्रीफिंग घेतात असं त्यांच्या सूनबाई म्हणतात. त्यांनी एक ताट उपडं घातलं. हे ताट म्हणजे ऊस. वरच्या अंगाने गावचे लोक डबे वाजवत शिरणार, म्हणजे हाका करणार. डुकरं खालच्या बांधाकडे निघणार. बांधावर आपली लाईन. डाव्या टोकाला, ओढ्याजवळ, एक नंबर आणि सोबत वॉकी-टॉकी घेऊन दोन. मग तीन, मग उजवीकडे पाच. लाईनच्या मागे नांगरलेलं मोकळं रान आणि त्यापलीकडे डोंगर.

"उसात गोळी नाही. तिथे आपली माणसं आहेत. लाईनच्या दिशेने गोळी नाही. तिथे आपण आहोत. जनावर लाईन ओलांडून मागे गेलं, मागे डोंगर दिसला, तरच. मागे काय आहे ते दिसत नसेल तर बोट ट्रिगरवर जाणार नाही. कळलं?"

"कळलं साहेब."

"मादी आणि पिल्लं सोडायची. वहिनी, पोरगी आणि फॉरेस्टचे साहेब कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. मी सांगेपर्यंत कुणी खाली उतरणार नाही."

"यस सर," अश्विनी म्हणाली. त्या 'सर'मध्ये पुण्याचं पाणी होतं, पण साहेबांनी दुर्लक्ष केलं.

शनिवारी उजाडताना आम्ही शेतावर होतो. चांगली थंडी होती. गावातली तीसेक माणसं तेलाचे डबे आणि फुटके ताशे घेऊन वरच्या अंगाला गेली. वनरक्षक तरुण होता, कागद तपासले, बंदुका तपासल्या आणि ट्रॉलीवर चढला. आम्ही बांधावर आपापल्या जागा घेतल्या.

इथे एक चूक झाली. ती आम्हा चौघांखेरीज जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. साहेब आणि मारुती ओढ्याकडे गेले. बबनने त्यांच्यापासून अंतर मोजून जागा घेतली. मी बबनकडे बघितलं, अंतर धरलं, आणि मग सवयीने आणखी एका माणसाचं अंतर सोडून उभा राहिलो. बबनलाही ते बरोबर वाटलं. ओढ्याजवळ बांध वळतो, त्यामुळे साहेबांना आमचं टोक दिसत नव्हतं. तीन आणि पाचच्या मध्ये चार नंबरची जागा मोकळी होती. लाईन आम्हाला पुरी वाटत होती.

वॉकी-टॉकी खरखरला. मारुतीने वनरक्षकासकट सगळ्यांना एकेक दिला होता.

"दोन टू ऑल. हाका सुरू. ओव्हर."

"तीन. रॉजर."

"पाच. रॉजर."

वरून डब्यांचा गदारोळ सुरू झाला. हाका जवळ येऊ लागला तसा ऊस हलायला लागला. आधी एक ससा पळाला. मग बबनच्या समोरून एक मादी बाहेर आली, मागे पाच-सहा पट्टेरी पिल्लं.

"मादी. जाऊ दे," वॉकी-टॉकीवर बबनचा आवाज आला.

पिल्लं धडपडत बांध चढली, नांगरटीत गडगडली, पुन्हा उठून आईच्या मागे डोंगराकडे गेली. कुणी बंदूक वर केली नाही. मला आपल्या माणसांचं कौतुक वाटलं. साठीच्या आसपासचे चार गडी, कुणाला साखर, कुणाला गुडघे, पण हुकमाबाहेर बोट हलत नाही.

यानंतर काही वेळ काहीच झालं नाही. हाका जवळ येत राहिला. मोठा नर असतो तो असाच थांबतो. शेवटपर्यंत उसात दबून राहतो आणि कुठून निघायचं ते तिथून बघतो. त्याने बघितलं होतं.

तो चार नंबरच्या जागेतून आला.

ऊस फुटल्यासारखा दुभंगला आणि काळं धूड बांधावर चढलं. बबन त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि आमच्यामध्ये जेवढं अंतर असायला हवं त्याच्या दुप्पट. तो लाईनवर होता तोवर कुणालाच गोळी झाडता येत नव्हती. मी झाडली तर बबनला लागणार, बबनने झाडली तर मला. हे सांगायला वेळ लागतो, समजायला लागत नाही. जनावर लाईन ओलांडून नांगरटीत उतरलं. मी वळलो, बंदूक खांद्याला लावली, बोट ट्रिगरकडे निघालं. डुक्कर टप्प्यात होतं. मागे डोंगर दिसायला हवा होता.

मागे अश्विनी दिसली.

ती नांगरटीच्या मधोमध उभी होती. ट्रॉलीवरून, उंचावरून, तिला आमची सगळी लाईन दिसत होती आणि लाईनमधली मोकळी जागाही. काहीतरी चुकलंय, इथे माणूस हवा होता, एवढं तिला कळलं. ट्रॉलीवरचा वॉकी-टॉकी वनरक्षकाकडे होता आणि तो पलीकडच्या बाजूने पळालेल्या मादीकडे बघत होता. म्हणून ती स्वतःच सांगायला खाली उतरली होती. डुक्कर सरळ तिच्याकडे निघालं.

माझं बोट ट्रिगरवर गेलं नाही. मी ते अडवलं असं म्हणणार नाही. ते गेलंच नाही.

"बाजूला हो!" मी ओरडलो. ती हलली नाही. पाय ढेकळात रुतले असावेत.

मग माझ्याकडे अंगच उरलं होतं. मी बंदूक उघडली, काडतूस पाडलं आणि तिरका पळत सुटलो. गुडघ्यांच्या डॉक्टरांना काय वाटायचं ते वाटो. जनावर माझ्यासमोरून तिरकं चाललं होतं, मला वाट कमी होती. मी बंदूक आडवी धरून "हर्र!" करत त्याच्या पुढ्यात घुसलो. त्याने मान फिरवली आणि मला डाव्या मांडीत घेतलं. मी उडालो. ढेकळं तोंडात गेली. पण मला मारायला त्याला वळावं लागलं होतं, आणि वळलं ते जनावर अश्विनीकडे न जाता ओढ्याच्या बाजूला निघालं.

मग एक आवाज झाला. एकच.

मी तोंडातली माती थुंकली. बबन धावत आला होता.

"कुणी झाडली?" मी विचारलं.

"साहेबांनी."

"मागे काय होतं?"

"डोंगर."

"मग ठीक आहे."

"ठीक काय लेका, पाय बघ तुझा."

पाय बघण्यासारखा नव्हता. सुळा मांडीत चांगला शिरला होता. अश्विनी माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने गळ्यातली ओढणी काढून जखमेवर दाबली. चेहरा पांढराफटक, हात मात्र घट्ट. साहेब आले. त्यांनी आधी अश्विनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बांधावरच्या मोकळ्या जागेकडे. लाईन कुठे तुटली ते त्यांच्या लक्षात आलं. का तुटली तेही आलं. ते एवढंच म्हणाले, "जीप आणा."

नर ओढ्याच्या काठावर पडला होता. वनरक्षकाने पंचनामा केला, मारुती त्याच्यासोबत थांबला. मला मागच्या सीटवर आडवा घातला. बबन गाडी चालवत होता, साहेब पुढे. मागे माझा पाय मांडीवर घेऊन अश्विनी बसली होती. लोणीच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता एरवी बरा आहे, त्या दिवशी त्यातला एकेक खड्डा मला ओळख देऊन गेला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काका, तुमच्या हातात बंदूक होती."

"होती."

"भरलेली?"

"हो."

"मग तुम्ही गोळी का नाही झाडली?"

मला दुखत होतं, आणि दुखत असलं की मी गोड बोलत नाही. "मागे तू होतीस ना, गाढवे!"

पुढे साहेबांनी मान वळवली नाही, पण बबनने गाडी हळू केली. आपण काय बोललो ते तेव्हा माझ्याही ध्यानात आलं.

अश्विनी खिडकीबाहेर बघत होती. जखमेवरचा हात तिने ढिला होऊ दिला नाही.

"एवढा विचार करायला वेळ मिळाला तुम्हाला?" तिने विचारलं. आवाज बदलला होता.

"विचार नाही केला. मागे माणूस दिसलं की बोट जात नाही. तसं शिकवलेलं असतं."

"कुणी शिकवलं?"

"तुझ्या बापानं."

मग ती रडली. मोठ्याने रडली, लहान मूल रडतं तसं, आणि माझ्या मांडीवरचा हात तसाच दाबून धरून. मीही रडलो. बबन पुढे बघून गाडी चालवत राहिला आणि साहेबांनी खिशातला रुमाल मागे दिला. त्यांचा रुमाल कधीही इस्त्रीशिवाय नसतो. त्या एका रुमालात आमचं दोघांचं भागलं.

दवाखान्यात टाके घातले, इंजेक्शनं दिली. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "काका, या वयात डुकरासमोर कशाला जायचं?" मी म्हणालो, "ते तरुण होतं, त्याला समजवायला गेलो होतो." डॉक्टर हसला. रविवारपर्यंत हलायचं नाही असं बजावून त्याने मला वहिनीच्या ताब्यात दिलं. वहिनीने मला ओसरीवर पलंग टाकून दिला आणि दर तासाला काहीतरी खायला आणलं. अश्विनीला तिने जवळ घेतलं, मग झापलं, मग पुन्हा जवळ घेतलं.

रविवारी सकाळी मला खुर्चीत बसवून शाळेसमोर नेलं. सरपंच होते, पंचायतीची माणसं होती, दगड कोरणारा कारागीर होता. दगड बाजूला टेकवून ठेवला होता. सरपंचांनी आपलं वाक्य वाचून दाखवलं आणि अश्विनीकडे बघितलं.

"ते नको," ती म्हणाली. "मी सांगते ते कोरा. नायक दशरथ झेंडे. शत्रू टप्प्यात होता. मागे एक मुलगी होती. गोळी झाडली नाही."

सरपंचांनी हातातला कागद पुन्हा एकदा बघितला.

"आवो ताई," सरपंच म्हणाले, "दगडावर आसं कसं लिवायचं? मारला म्हणून लिवत्यात. न्हाई मारला म्हणून कुटं लिवत्यात व्हय?"

साहेब उठले. साहेब उठले की समोरची माणसं आपोआप नीट उभी राहतात, मग ती सिव्हिलियन का असेनात.

"सरपंच," ते म्हणाले, "गोळी झाडायला आम्ही कुणालाही शिकवतो. सहा महिन्यांत येतं. न झाडणं येतं ते हजारात एकाला. आमच्या पलटणीत तो एक हा होता. कोरा."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला नाही, डोळे पुसले नाहीत. मान ताठ करून सगळ्या गावाकडे बघत उभी राहिली. दगड कोरणाऱ्याने कानावरची पेन्सिल काढली आणि अक्षरं आखायला घेतली. पहिलं नाव आखून झाल्यावर त्याने एकदा अश्विनीला विचारलं, "टप्प्यात होता, आसंच ना?" ती म्हणाली, "असंच."

दुपारची जेवणं झाली आणि आम्ही निघालो. बंदुका खोळीत, उरलेली काडतुसं डब्यात, वहिनीने दिलेला गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा सीटखाली. मला बबन आणि मारुतीने धरून जीपजवळ आणलं. अंगणात आम्ही नेहमीसारखे ओळीत उभे राहिलो, मी काठीवर. बबन आणि माझ्यामध्ये जागा होती. अश्विनी तिची बॅग जीपमध्ये टाकून परत आली, त्या जागेकडे तिने बघितलं आणि तिथे न शिरता जागेच्या मागे, एक पाऊल सोडून उभी राहिली.

"गिनती कर," साहेब म्हणाले. "एक."

"दोन."

"तीन."

आम्ही थांबलो, दरवेळी थांबतो तसे. माझ्या ओठांवर आकडा आला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, खणखणीत, परेडवर द्यावा तसा.

"चार. ड्यूटीवर!"

साहेबांची पाठ ताठ झाली. मी काठी सोडून दोन्ही पायांवर उभा राहिलो.

"पाच," मी म्हणालो.